डोंबिवलीचा शेवटचा प्रेक्षक

मला कविता होत नाहीत. गाता येत नाही, पेटी येत नाही, लेझीम दोन पावलांपुढे जात नाही आणि चौथीत मी काढलेल्या आंब्याला बाईंनी ‘वांगे छान’ असा शेरा दिला होता. दुसऱ्या एखाद्या गावात हे सगळं खपून गेलं असतं. मी डोंबिवलीत राहतो.

आमची इमारत चार मजल्यांची, बिऱ्हाडं सोळा. त्यात दोन गायिका, एक तबलजी, कथक शिकणाऱ्या तीन मुली, हौशी नाटकांतला एक कायमचा इन्स्पेक्टर (हा माझा मेहुणा) आणि तिसऱ्या मजल्यावर एक कवी. उरलेले ढोल पथकात. २०१७ साली नव्वदावं साहित्य संमेलन आमच्या गावात भरलं, तेव्हा तिसऱ्या मजल्याने ऑफिसात रजा टाकली आणि तीन दिवस कविकट्ट्यापाशी मुक्काम ठोकला. ऐकायला नव्हे. नंबर लागायची वाट बघत.

तर अशा ठिकाणी कलाकारांचा तुटवडा नसतो. तुटवडा असतो तो समोर बसणाऱ्याचा. जो तो स्टेजवर चढलाय, खाली राहिलोय मी. त्यामुळे मला भाव आहे. जिन्यात कुणी गोड हसून ‘काय, शनिवारी मोकळे ना?’ म्हणालं की मी ओळखतो, हा माणूस काहीतरी सादर करणार.

२०२५चा पाडवा रविवारी आला. ३० मार्चला. हक्काची एक सुट्टी रविवारने आख्खी गिळली. नोकरदाराच्या पंचांगात यापेक्षा वाईट योग नाही. कलाकारांना मात्र शनिवार-रविवार जोडून आयतेच मिळाले. त्यात २७ मार्चचा जागतिक रंगभूमी दिन पडला गुरुवारी. गुरुवारी संध्याकाळी निम्मी डोंबिवली ठाण्याच्या आसपास गाडीच्या दाराला लटकलेली असते, म्हणून आमच्या रंगभूमीने शनिवारपर्यंत दम धरला. बुधवारपासून माझा फोन वाजायला लागला. ‘नक्की या हं. तुम्ही आलात की बरं वाटतं.’ हे वाक्य मला एका आठवड्यात पाच जणांनी ऐकवलं आणि पाचही जणांना ते मनापासून वाटत होतं, हेच वाईट.

शनिवारी दुपारी चार वाजता एका शाळासोबत्याच्या जलरंगांचं प्रदर्शन. चित्रं बघायची माझी पद्धत ठरलेली आहे: हात मागे, तीन पावलं मागे, एक पाऊल पुढे, ‘हं’. दहा मिनिटांत मोकळा. पाच वाजता मेहुण्याची एकांकिका. तिसऱ्या घंटेनंतर पडदा अडकला आणि तो उघडेपर्यंत इन्स्पेक्टरचे फक्त बूट दिसत होते. बुटांनी काम चांगलं केलं.

साडेसहाला मात्र कविसंमेलन होतं. विषय वसंत ऋतू, कवी तेवीस. खुर्च्यांत बसलेली माणसं मोजली तर चोवीस भरली. चोविसावा मी.

कविसंमेलनाचा एक अलिखित नियम मला तिथे कळला. आपली कविता वाचून झाली की कवी जागेवर येतो, पुढच्या एका कवितेला दोनदा वाहवा म्हणतो, घड्याळ बघतो आणि ‘पुढे एक कार्यक्रम आहे’ असं शेजाऱ्याच्या कानात सांगून वाकत वाकत निघून जातो. साधारण दर सात मिनिटांनी एक खुर्ची रिकामी. आमचे तिसऱ्या मजल्याचे कवी स्वतः चौथे होते. सातव्या कवितेला मी मागे वळून पाहिलं, तर त्यांची खुर्ची रिकामी. ज्यांच्यासाठी मी आलो होतो ते घरी जाऊन जेवायला बसले होते.

मलाही उठता आलं असतं, पण कोणत्या तोंडाने? मी काही वाचलं नव्हतं. वाचून जाणाऱ्याला कारण असतं, नुसता जाणारा उद्धट ठरतो. मी बसून राहिलो. पळस फुलला, गुलमोहर पेटला, आंबा मोहरला, त्या संध्याकाळी एकंदर बावीस कोकिळा झाल्या. वरचा पंखा खडखडत होता आणि पहाटेपासून मी उठलेलो होतो. सतराव्या कवितेच्या सुमारास माझी मान खाली गेली. सावध होऊन वर आली. पुन्हा गेली. आता हे दुर्दैव म्हणा की ठेका, पण ती गझल होती आणि माझी मान प्रत्येक वेळी बरोबर रदीफावर, म्हणजे शेराच्या शेवटी पुन्हा पुन्हा येणाऱ्या शब्दावर, पडत होती.

“काका,” कवी थांबले. त्यांचा आवाज भरून आला होता. “कुणाला तरी पोचलं. पुन्हा घेतो.”

पुन्हा घेतली. पहिल्यापासून.

तेविसाव्या कवयित्रीला ऐकायला आम्ही तिघे उरलो होतो: मी, सूत्रसंचालक आणि खुर्च्या परत न्यायला आलेला टेम्पोवाला. त्याने मात्र मोकळ्या गळ्याने दाद दिली. त्याची शेवटची खुर्ची माझ्याखाली होती.

रविवारी पहाटे चारला घरात नऊवारीची धांदल. हिचं महिलांचं लेझीम पथक स्वागतयात्रेत होतं. पाडव्याची ही यात्रा १९९९ साली आमच्या गणेश मंदिर संस्थानाने सुरू केली आणि मग ठाणं, गिरगाव करत ती सगळीकडे गेली. डोंबिवलीकर हे कुणालाही, कुठल्याही विषयात सांगू शकतो. मी आत्ता सांगितलंच. कडुलिंबाची चटणी तोंडात, हातात गुढीची काठी, आणि काठीला साखरेची गाठी बांधेपर्यंत ही दारातून ओरडत होती, “अहो, तांब्या उपडा घाला आणि चला, फडके रोडला साडेसहाला उभं राहायचंय!”

फडके रोडला पोचल्यावर लक्षात आलं की सगळं गाव यात्रेत आहे. पालखी, चित्ररथ, ढोल-ताशे, बुलेटवर फेटेवाल्या मुली, मल्लखांब, शाळेच्या पोरांचे मावळे. रस्ताभर पसरलेली रांगोळी, आणि ती तुडवू नये म्हणून कडेकडेने चालणारे हजारो लोक. आणि या सगळ्यांकडे तोंड करून, फुटपाथवर, मी.

“तुम्ही नुसते उभेच आहात ना?” हिच्या पथकातल्या एका ताईंनी विचारलं आणि पर्स माझ्या खांद्याला अडकवली. मग दुसरीने. नऊवारीला खिसा नसतो, हा आपल्या संस्कृतीतला दोष आहे आणि त्याची भरपाई मी करत होतो. सात पर्स, चार मोबाइल, दोन चष्मे, पाण्याच्या बाटल्या आणि कुणाची तरी सँडल. एक पट्टा तुटलेली ती सँडल मी शेवटपर्यंत कुणाची ते न कळता सांभाळली.

ढोल पथक समोर आलं. पहिल्या मजल्यावरचा मुलगा, जो एरवी जिन्यात ‘काका, पाणी आलं का?’ एवढंच बोलतो, तो कमरेला ढोल बांधून असा काही टोल देत होता की माझ्या छातीतलं काहीतरी त्या तालात हललं. खोटं कशाला बोला, अंगावर काटा आला. मनापासून टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. हात मोकळा नव्हता.

दुपारी श्रीखंड-पुरी. त्यानंतर माणसाने झोपायचं असतं, तशी शास्त्राची सोय असावी. पण चौथ्या मजल्यावर पाच वाजता बैठक होती. गायिकेने बसंत लावला. हा खरा उत्तररात्रीचा राग, पण वसंत ऋतूत तो कधीही गावा अशी सवलत आहे. ही सवलत ज्याने दिली त्याने श्रीखंड खाल्लेलं नसणार.

बैठकीत माझी खरी परीक्षा समेची, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेची. समेवर मान डोलवावी लागते आणि सम कधी येते ते मला आजवर कळलेलं नाही. त्यावर मी एक उपाय काढला आहे. तबलजीकडे बघायचं, त्याची मान हलली की आपली हलवायची. दुसऱ्या मजल्याचे आमचे तबलजी भले गृहस्थ, तेही माझ्याकडेच बघत होते. मी हलवली की ते हलवत, ते हलवत म्हणून मी हलवत होतो. तासभर आमचं फार जमलं. गायिका मात्र दोनदा रागाने बघून गेल्या.

नंतर चहाच्या वेळी तबलजींनी मला बाजूला घेतलं. “तुम्ही होतात म्हणून बरं,” ते म्हणाले. “मध्येच माझा हिशेब चुकला होता. मग तुमच्या मानेवर गेलो.”

आता तिजेला गौर बसेल, मग महिनाभर घरोघरी हळदीकुंकू. चैत्रगौरीवर माझा लोभ आहे. त्यात प्रेक्षक लागत नाही. आंब्याची डाळ आणि पन्हं घरपोच येतं, आपण फक्त वाटी विसळून परत करायची.

सोमवारी ३१ मार्च. त्या दिवशी ईद, म्हणजे सुट्टी. पण हिशेबखात्यातल्या माणसाला वर्षअखेर सोडत नाही. डोळे चोळत गाडी पकडली. आमच्या डब्यात भजनी मंडळ असतं आणि मी वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी बसून, कुणी विचारू नये म्हणून, पेपर वाचतो. सुट्टीमुळे त्या दिवशी मंडळाचे दोन टाळकरी गैरहजर. बुवांनी डब्यावरून नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली.

“मला येत नाही हो,” मी म्हणालो.

“आम्हाला कुठं येतं?” बुवा म्हणाले आणि टाळ माझ्या हातात कोंबले.

दिवा गेलं तोवर मी एकदा पुढे, एकदा मागे असा वाजवत होतो. मुंब्र्याला कुणी तक्रार केली नाही. ठाण्याला मी डोळे मिटले. कळव्याच्या खाडीवर आपण उगाच इतकी वर्षं पेपर वाचला असं वाटलं होतं, ते पक्कं झालं. डोळे उघडले तर समोर खिडकीशी एक गृहस्थ मान डोलवत बसलेले. खाली, वर, खाली. आमच्या ठेक्याशी त्या मानेचा काही संबंध नव्हता.

मी जरा पुढे सरकलो आणि त्यांच्या कानाशी टाळ दणकून वाजवले. समोर कलाकार वाजवतोय आणि हे खुशाल झोपतात!