वेल्ह्याला राहायला जायचंय? मग एप्रिलमध्ये जाऊन बघा

पहिले दोन पाऊस झाले की पुण्यातल्या निम्म्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकच चर्चा सुरू होते. 'डोंगरात एखादं घर घेऊन टाकू. वेल्हे, पाबे, मुळशी, कुठेही. लॅपटॉप आहेच.' मग रविवारी गाडी निघते, नसरापूर फाट्यावरून आत वळते, मार्गासनीला चहा होतो, ढगात बुडालेला तोरणा दिसतो आणि संध्याकाळपर्यंत टोकन देऊन मंडळी परत. माझं स्पष्ट मत आहे की डोंगरातली जागा ऑगस्टमध्ये बघायचीच नसते. ऑगस्टमध्ये सगळंच हिरवं असतं, उकिरडासुद्धा. बघायची ती एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी. तिथल्या बायका कुठून पाणी आणतात ते आधी बघायचं आणि मगच व्ह्यू.

पाऊस एवढा पडतो आणि तरी उन्हाळ्यात टँकर का, हे शहरातल्या माणसाला पटतच नाही. कारण खाली दगड आहे. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट पाणी मुरवून घेत नाही. पाणी साठतं ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत, आणि उतारावर हा मुरूम जेमतेम काही फूट असतो. बाकीचं पाणी एक तर कोकणात उतरतं, नाहीतर धरणात जातं. पुण्याला पाणी पाजणारं पानशेत याच तालुक्यात आहे, आणि त्याच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना मार्चनंतर हंडे घेऊन खाली उतरावं लागतं. बोअर मारणाऱ्याचं काय जातं, तो ३०० फूट मारून देईल. भेग लागली तर पाणी, नाहीतर धूळ. लागलेलं पाणी मे महिन्यातही टिकतं का, हे पावसाळ्यात घेतलेल्या चाचणीवरून कळत नाही.

म्हणून आधी टाकी बांधा, घर नंतर. हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. १०० चौरस मीटर छप्पर आणि ३,००० मिमी पाऊस धरला तर तीन लाख लिटर, गळती-उडती वजा जाता अडीच लाखाच्या आसपास. आता गरज बघा. चार माणसं, माणशी ८० लिटर, म्हणजे रोजचे ३२० लिटर. फेब्रुवारीच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत १२० दिवस. एकूण ३८,४०० लिटर. चार मीटर लांब, चार मीटर रुंद, अडीच मीटर खोल अशी झाकलेली टाकी हवी. लोक काय करतात? गच्चीवर हजार लिटरची काळी टाकी ठेवतात आणि 'रेनवॉटर हार्वेस्टिंग केलंय' म्हणतात.

पन्हळीतून टाकीकडे जाणाऱ्या पाइपाला खाली एक फाटा काढून त्याला झाकण लावा आणि पहिल्या दोन-तीन सरींचं पाणी तिथून सोडून द्या. सहा महिन्यांची धूळ, पाखरांची घाण, कुजका पाला सगळं त्यात असतं. टाकीत उजेड जाता कामा नये, नाहीतर शेवाळ धरतं. हजार लिटरला पाच ग्रॅम ब्लीचिंग पावडर पुरते, पण ती छोट्या पुड्यांत आणा. पावसाळी हवेत उघडी राहिलेली पावडर महिन्याभरात निकामी होते आणि आपण बापडे नुसता चुना टाकत बसतो.

आता घर. शहरातला आर्किटेक्ट सपाट स्लॅब, दरीकडे जमिनीपासून छतापर्यंत काच आणि बाहेर लाकडी डेक काढून देतो. फोटो झकास येतात. पण घाटमाथ्यावर पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो. जुनी घरं नीट बघा: छप्पर तीव्र उताराचं, वळचण भिंतीच्या पुढे तीन-तीन फूट, पश्चिमेला खिडकी बारकी किंवा नाहीच, जोतं दोन-अडीच फूट उंच, आणि मागे डोंगराच्या बाजूने खोल चर. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला कारवीचा नाहीतर पेंढ्याचा झड, म्हणजे पाऊस अडवणारा आडोसा, बांधायचा. यातलं काहीही हौसेखातर नाही. वळचण आखूड असली की पागोळ्या जोत्यावर पडतात, जोतं पाणी पितं, आणि सप्टेंबरमध्ये आतला रंग पापुद्र्यांनी सुटतो. मागचा चर बुजला तर पाणी थेट फरशीखालून वर येतं. काच हवीच असेल तर पूर्वेला लावा.

आतल्या ओलीचं तर विचारू नका. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता आठवडेच्या आठवडे नव्वदच्या वर असते. चामड्याच्या चपला, पट्टे, पुस्तकांच्या कडा, कॅमेऱ्याची भिंग, प्लायवूडच्या कपाटाची पाठ, सगळ्यावर बुरशी. प्लायवूड फुगतं आणि दारं लागेनाशी होतात, त्यामुळे कपाट लोखंडी घ्या आणि भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. आत १५ वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा बल्ब लावून ठेवायचा. एलईडी चालत नाही, कारण आपल्याला उजेड नको, ऊब हवी आहे. कपडे वाळवायला चुलीच्या वरची वलनी अजूनही सगळ्यात भरवशाची. डाळी-पीठ पंधरा दिवसांपुरतंच आणा. तांदूळ इंद्रायणीच घ्या, तिथलाच.

वीज जाते, आणि गेली की दोन-तीन दिवस येत नाही, कारण झाड तारेवर पडलेलं असतं आणि वायरमनलाही त्याच चिखलातून यायचं असतं. १२ व्होल्टची, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेची एक बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, हाताला लागतात १,२००. चार दिवे आणि राउटर, मिळून ६० वॅट, एवढ्यावर वीसेक तास. फ्रिज धरू नका. आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही: अर्थिंग. खडकात रॉड ठोकला जात नाही, म्हणून खड्डा खणून त्यात प्लेट, कोळसा, मीठ आणि काळी माती भरतात. हा खड्डा सगळ्यात कोरडा असतो मे महिन्यात, आणि वळवाच्या विजा येतात त्याच महिन्यात. आठवड्यातून दोनदा त्यात बादलीभर पाणी ओता. त्याने अर्थिंग चांगलं राहतं. नेटवर्कचं म्हणाल तर टॉवरची बॅटरी तुमच्या बॅटरीआधी संपते. सोमवारची ऑफिस मीटिंग त्या भरवशावर ठेवू नये.

उताराबद्दल मात्र चेष्टा नको. माळीण ३० जुलै २०१४ ला दरडीखाली गेलं, तळीये २०२१ च्या जुलैत, इर्शाळवाडी २०२३ च्या जुलैत. व्ह्यूसाठी जेसीबीने डोंगराचा पायथा कापून सपाटी केली की वरच्या मातीचा आधारच जातो. मग दगडी भिंत बांधतात, पण तिच्यातून पाणी निघायला वाट ठेवत नाहीत. मागे खडीचा थर आणि भिंतीत दर पाच फुटांवर चार इंची पाइप नसेल, तर पाणी साठून तीच भिंत घरावर येते. वरच्या अंगाला जमिनीत नवी भेग, अचानक फुटलेला झरा, स्वच्छ झऱ्याला आलेलं गढूळ पाणी, कललेली झाडं, एकाएकी अडकायला लागलेलं दार, यातलं काहीही दिसलं तर सामान न आवरता निघायचं. रात्र असली तरी.

दवाखान्याचं अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, धुकं आणि दरड धरून तासांत मोजा. भातकापणीच्या दिवसांत घोणस, फुरसं निघतंच. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, कापायचं नाही. हातपाय हलू न देता तडक सरकारी रुग्णालय गाठायचं, आणि सापाच्या विषावरची लस शिल्लक आहे का हे निघतानाच फोन करून विचारायचं. वर्षातून दोनदा सहज म्हणूनही विचारून ठेवावं. घरात हृदयाचा पेशंट किंवा सात महिन्यांची गरोदर बाई असेल तर जून ते सप्टेंबर पुण्यातच राहा, त्यात कमीपणा काही नाही.

कागदांचं थोडक्यात: शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागता, ते कुळकायद्याचं कलम ६३. सामाईक सातबाऱ्यावरचे दोन-चार गुंठे 'नोटरी करून' देणाऱ्याला लांबूनच नमस्कार. सरकारी मोजणी करून घ्या आणि रस्ता नकाशावर आहे का ते बघा. 'पाटलांच्या शेतातून जायचं, ते काही म्हणत नाहीत' हा रस्ता नव्हे.

आणि एवढं वाचूनही जायचंच असेल तर आधी गावात खोली भाड्याने घ्या, जून ते पुढचा मे, पूर्ण वर्ष. भाडं शहराच्या मानाने किरकोळ असतं. त्या वर्षात गवंडी कोण चांगला, कुणाच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असतं, मुक्कामाची एसटी कुठल्या दिवसांत येत नाही, हे सगळं कळतं. टोकन त्यानंतर द्या.