खुलासा: विमानाचा ईएससी हेलिकॉप्टरला ‘जसाच्या तसा’ चालत नाही

नागपुरातल्या आरसीवाल्यांच्या (रिमोटवर चालणारी छोटी विमानं-हेलिकॉप्टरं उडवणाऱ्यांच्या) ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: “विमानातला ईएससी काढा, हेलिकॉप्टरला लावा, सेटिंग बदलायची गरज नाही.” भाऊ, गरज आहे. (ईएससी म्हणजे मोटरचा वेग कमी-जास्त करणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर.)

आधी ब्रेक. घडीच्या प्रोपेलरच्या ग्लायडरला तो लागतो. हेलिकॉप्टरला बंदच हवा, नाहीतर थ्रॉटल शून्यावर येताच मोटर झटक्यात थांबते आणि ताण गिअरवर येतो. कटऑफ (बॅटरी उतरल्यावर पॉवर तोडणारी सेटिंग) ‘हार्ड’ असेल तर बॅटरी उतरताच मोटर हवेतच बंद. विमान तरंगत उतरेल. हेलिकॉप्टरवाल्या आपल्याला ऑटोरोटेशन (मोटर बंद असताना रोटर फिरता ठेवून उतरवणं) जमलं तर ठीक! म्हणून ‘सॉफ्ट’, म्हणजे पॉवर हळूहळू कमी होते. स्टार्टही सॉफ्टच. गव्हर्नर (रोटरचा वेग स्थिर ठेवणारी सोय) वापरणार असाल तर थ्रॉटल कर्व्ह (स्टिकच्या जागेनुसार थ्रॉटल किती, ते ठरवणारी रेषा) सपाट ठेवा, वेग तो सांभाळतो.

मेसेजमधली एक गोष्ट खरी: थ्रॉटल रेंज (स्टिकची वरची-खालची टोकं) शिकवताना बहुतेक ईएससींना स्टिक पूर्ण वर ठेवून बॅटरी जोडायची, बीप आली की खाली. पण त्याआधी ब्लेड काढा आणि मोटरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) मुख्य गिअरपासून सोडवा. मी एकदा कंटाळा केला. टेबलावरचा चहाचा कप भिंतीवर फुटला.

आणि मे महिन्यातल्या नागपुरी दुपारी उडवून ईएससी तापला, तर दोष प्रोग्रॅमिंगला देऊ नका.