नावाला शेपूट कसं लावावं

अभिनंदन! अमेरिकेत सिव्हिलचं एमएस आटोपलं, वर इंजिनिअरच्या परवान्याआधीची एफई परीक्षाही पहिल्याच फटक्यात पास. आता रेझ्युमेवर आपलं नाव टाइप करा, स्वल्पविराम द्या आणि विचारात पडा. स्वल्पविरामानंतर काय लावायचं हे ठरेपर्यंत नोकरीचे अर्ज तुंबले तरी हरकत नाही. अनुभवाच्या रकान्यात दाखवण्यासारखं काही नसलं की सगळा भार नावालाच वाहावा लागतो.

एक पथ्य मात्र पाळा. ही बातमी पुण्याला फोन करून सांगू नका. तिथे एफई म्हणजे इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष. काकू आईला बाजूला घेऊन विचारतील, "इतकी वर्षं याची एटीकेटी राहिली होती की काय गं?"

अमेरिकेतली एफई वेगळी. ११० प्रश्न, पाच तास वीस मिनिटं, सूत्रांचं पुस्तक पडद्यावरच. मंजूर कॅल्क्युलेटरची यादी आखूड, पण तिच्यात आपला कॅसिओ एफएक्स-९९१ आहे. (ते वाचून डोळे पाणावले नाहीत तो आपल्याकडे इंजिनिअरिंग शिकलेलाच नाही.) एवढं करून पदरात काय पडतं? ईआयटी, म्हणजे शिकाऊ इंजिनिअर. तेही आपोआप नाही. परीक्षा घेणारी एनसीईईएस फक्त 'पास' एवढंच कळवते. शिकाऊ असल्याचा दाखला हवा तर इंजिनिअरांना परवाने देणाऱ्या राज्याच्या बोर्डाकडे वेगळा अर्ज करायचा, बहुतेक ठिकाणी फी भरून. तुम्ही अर्थातच ही कटकट करू नका. पास झालो म्हणजे ईआयटी झालोच, असं धरून चाला आणि अक्षरं लावून मोकळे व्हा. पुढे एखाद्या चिकित्सक मॅनेजरने दाखल्याचा नंबर विचारला, की तेव्हाचं तेव्हा बघू. हेच शेपूट फ्लोरिडात ईआय असतं. टेक्सासातून तिकडे गेलात तर 'टी' विमानतळावरच सोडावा लागेल.

एकट्या ईआयटीने नाव ओकंबोकं दिसतं. पुढे पर्यावरणपूरक इमारतींचं लीड ग्रीन असोसिएट लावा, कामातल्या चुका कमी करण्याचं सिक्स सिग्मा यलो बेल्ट लावा, आणि ओशा १० तर लावाच. बांधकामावरच्या मजुरांसाठी असलेला हा दहा तासांचा सुरक्षेचा कोर्स एमएसच्या शेजारी फार शोभून दिसतो. नाव दुसऱ्या ओळीवर गेलं की समजावं, माणूस अनुभवी आहे.

खरी हाव पीईची, म्हणजे 'प्रोफेशनल इंजिनिअर'ची असते. ती परवान्याची अक्षरं, साधारण चार वर्षं पीईच्या हाताखाली काढल्यावर आणि दुसरी परीक्षा दिल्यावर मिळणारी. चार वर्षं पार्किंगच्या जागा आणि गटारांचे उतार काढण्यात जातील, हे रेझ्युमेवर 'शाश्वत पायाभूत सुविधा' असं लिहा. घाई असेल तर कॅलिफोर्निया गाठा. मान्यताप्राप्त पदवी असेल तर तिथे दोन वर्षांत भागतं. बदल्यात सिव्हिलवाल्यांना भूकंप आणि सर्व्हेइंग असे दोन जादा पेपर. आपली भारतीय पदवी तपासायला पाठवलीत की बऱ्याचदा कळतं, गणित भरपूर आहे, ह्युमॅनिटीजचे तास कमी पडतात. मग पूल बांधण्याची पात्रता यावी म्हणून एखादा कलेच्या इतिहासाचा कोर्स करायचा. एवढी वाट कोण पाहणार? 'पीई कँडिडेट' लिहा आणि 'कँडिडेट' आठच्या फाँटमध्ये ठेवा.

बोर्डाला एवढं बारीक दिसत नाही, असं मात्र समजू नका. ओरेगनमध्ये एका स्वीडिश पदवीधराच्या बायकोला सिग्नलच्या कॅमेऱ्याने दंड ठोठावला. नवऱ्याने पिवळा दिवा किती वेळ राहावा याचं गणित मांडलं आणि दाखवून दिलं, की वळणाऱ्या गाडीला वेग कमी करावा लागतो हे जुन्या सूत्रात धरलेलंच नाही. ते त्याने मोठ्या विश्वासाने इंजिनिअरांच्या बोर्डाला कळवलं, आणि पत्रात आपण इंजिनिअर असल्याचंही लिहिलं. बोर्डाने गणित बाजूला ठेवलं आणि परवान्याशिवाय इंजिनिअरिंग केल्याबद्दल त्यालाच ५०० डॉलर दंड केला. डिसेंबर २०१८ मध्ये फेडरल कोर्टाने त्याच्या बाजूने कौल दिला. २०२० मध्ये वाहतूक इंजिनिअरांच्या संघटनेने त्याची दुरुस्ती स्वीकारलीही. तेव्हा सिग्नलबद्दल तक्रार करायची वेळ आलीच, तर खाली 'एक त्रस्त नागरिक' एवढंच लिहा.

परवान्याची ही सगळी भानगड सुरू कुठून झाली, ते मुलाखतीत काढू नका. वायोमिंगमध्ये पाण्याच्या हक्कांसाठी येणाऱ्या नकाशांवर वकील आणि नोटरीही इंजिनिअर म्हणून सह्या करायचे, म्हणून तिथे १९०७ साली अमेरिकेतला पहिला परवाना कायदा आला. टेक्सासात कायदा आला तो १९३७ साली. त्याच वर्षी मार्चमध्ये न्यू लंडन गावच्या शाळेत गळणाऱ्या गॅसचा स्फोट होऊन तीनशेच्या आसपास जीव गेले होते, बहुतेक लहान मुलं. मुलाखत घेणाऱ्याला यात रस नसतो. त्याला सिव्हिल थ्रीडी हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर येतं का एवढंच हवं असतं.

मेकॅनिकल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी इथवर उगाच वाचलं. कारखान्याच्या आणि कंपनीच्या आत काम करणाऱ्यांना बहुतेक राज्यांत परवाना लागतच नाही. सॉफ्टवेअरसाठी २०१३ साली काढलेली पीई परीक्षा २०१९ मध्ये गिऱ्हाइकांअभावी बंद पडली.

राहता राहिला लग्नाचा बायोडेटा. तिथे ईआयटी चालत नाही. मुलीकडचे "आयटीआय का?" म्हणून विचारतात. आपल्याकडे वकिलाला १९६१ चा कायदा आहे, आर्किटेक्टला १९७२ चा. इंजिनिअरला देशभराचा असा कायदाच नाही, त्यामुळे पत्रिकेपासून चौकातल्या फ्लेक्सपर्यंत 'इंजि.' कुणीही लावतो. तुम्हीही लावा, ठळक अक्षरांत. टेक्सासच्या बोर्डाला देवनागरी वाचता येत नाही.