कम्युनिटी कॉलेजातले नर्सिंग: स्वस्त, पण दुय्यम नव्हे

‘अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंग करू नका, फी कमी तसा दर्जाही कमी, पगार निम्मा, न्यूयॉर्कने तर ही पदवी बाद केली, आणि कुठेच प्रवेश न मिळालेले तिथे जातात,’ असा मजकूर तिथल्या मराठी व्हॉट्सॲप गटांत वरचेवर येतो. त्यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

कम्युनिटी कॉलेज म्हणजे कमी फीचे स्थानिक सरकारी कॉलेज; तिथे नर्सिंगची दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी मिळते. दर्जापासून सुरुवात करू. असोसिएट पदवी घेतलेल्यांना आणि विद्यापीठातून चार वर्षांची बीएसएन, म्हणजे नर्सिंगची बॅचलर पदवी, केलेल्यांना एनक्लेक्स-आरएन ही परवान्याची एकच परीक्षा द्यावी लागते, आणि उत्तीर्ण झाल्यावर मिळणारा आरएनचा, म्हणजे नोंदणीकृत परिचारिकेचा, परवानाही एकच असतो. १९५१ साली मिल्ड्रेड माँटॅग यांनी कोलंबिया विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात हा छोटा अभ्यासक्रम सुचवला, तो परिचारिकांची टंचाई भागवण्यासाठी.

फी कमी आहे, हे मात्र खरे. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत २०१२पासून रहिवाशांना एका युनिटला (श्रेयांकाला) ४६ डॉलर पडतात. सत्तर युनिट धरले तर ३,२२० डॉलर. पण खर्च एवढाच असतो, असे समजणेही चूक आहे. गणवेश, पुस्तके, लसीकरण, पार्श्वभूमी तपासणी आणि एनक्लेक्सचे २०० डॉलर वेगळे. ‘दोन वर्षे’ मोजतानाही शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे प्रवेशाआधीचे विषय धरले जात नाहीत. शिवाय काही ठिकाणी प्रवेशासाठी प्रतीक्षायादी किंवा सोडत असते, त्यामुळे प्रत्यक्षात तीन-चार वर्षे सहज जातात. रुग्णालयातल्या प्रशिक्षणाची पाळी सकाळी सात वाजण्याच्या आत सुरू होते, तेव्हा पाळणाघर उघडलेलेही नसते. लहान मूल असलेल्या विद्यार्थिनीला तेवढ्या तासासाठी कुणाला तरी पैसे मोजावे लागतात आणि पूर्णवेळ नोकरी सोडावी लागते. खरा खर्च हा बुडालेला पगार आहे, आणि तो फीच्या तक्त्यात दिसत नाही.

‘निम्मा पगार’ कुठून आला, कळत नाही. मे २०२४च्या सरकारी आकडेवारीत नोंदणीकृत परिचारिकांचे मध्यक वार्षिक वेतन ९३,६०० डॉलर होते, आणि त्यात दोन्ही पदव्यांच्या परिचारिका एकत्रच मोजल्या आहेत. बीएसएनसाठी काही रुग्णालये तासाला थोडी जादा रक्कम देतात, इतकेच. फरक पडतो तो नोकरी मिळताना: मोठ्या शहरांतली वैद्यकीय शिक्षण देणारी रुग्णालये बीएसएनला पसंती देतात, हे नाकारता येणार नाही. त्यावरचा रुळलेला मार्ग म्हणजे नोकरी करता करता बीएसएन पुरी करणे. मालकाने शिक्षणासाठी दिलेल्या वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंतच्या मदतीवर केंद्रीय प्राप्तिकरही लागत नाही. न्यूयॉर्कचा २०१७चा कायदाही एवढेच सांगतो, की नव्या परिचारिकांनी परवाना मिळाल्यापासून दहा वर्षांत बीएसएन करावी. यात बंदी कुठे आहे?

‘कुठेच प्रवेश न मिळालेले’ हा शेरा तर अन्यायाचा आहे. या वर्गांत आधीच वॉर्डात काम करणारे नर्सिंग सहायक, एलव्हीएनचे (आरएनच्या खालच्या पातळीच्या परवानाधारक परिचारिकेचे) आरएन होऊ पाहणारे, स्थलांतरित आणि चाळिशीतल्या आया बसतात. तरीही कॉलेजातली विविधता नर्सिंगच्या वर्गात आपोआप उतरत नाही: जागा थोड्या, आणि निवड विज्ञान विषयांच्या गुणांवर झाली, की दोन नोकऱ्या करून शिकणारा उमेदवार मागे पडतो. सोडतीचे समर्थक नेमके याच गोष्टीवर बोट ठेवतात.

ज्या बाबतीत सावध करायला हवे, तिथे व्हॉट्सॲपवरचा तो मजकूर गप्प आहे. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर भारतातून येणाऱ्याला ४६ डॉलरचा दर मिळत नाही, अनिवासी फी त्याच्या कित्येक पट असते. एच-४वर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर आलेल्याच्या जोडीदाराच्या व्हिसावर, असलेल्या पत्नीला शिकता येते, पण पदवीनंतर वॉर्डात नोकरी करायची तर वर्क परमिट वेगळे लागते, आणि ते प्रत्येकीला मिळत नाही.