‘कोकणात बेघर पोर नसतंच’ म्हणे

शिमग्यापासून एक मेसेज आमच्या वाडीच्या ग्रुपवर तिसऱ्यांदा आला. सांगणं असं: कोकणात प्रत्येकाला घर आहे, स्टेशनवर, जेट्टीवर दिसणारी पोरं बाहेरची, मुलं पळवणाऱ्या टोळ्यांची, त्यांच्याबद्दल कुठं कळवलंत तर त्यांना जेल आणि तुम्हाला कोर्टाच्या फेऱ्या, आणि अठरा पूर्ण झाली की सरकारही हात झटकतं. खाली हात जोडलेले. पाठवणारे वाडीतलेच अण्णा, म्हणून गप्प बसवेना.

घरं आहेत, खरंच. आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलुपं, ती उघडतात गणपतीला. पण सामायिक घराच्या उताऱ्यावर चौदा नावं असली की आईबाप गेलेल्या पोराच्या वाट्याला नाव येतं, खोली येत नाही. आज थोरल्या काकांच्या पडवीत, पावसाळ्यात आत्याकडे, मग मामाकडे. रात्री कुठल्या घरी ताट मिळेल याचा अंदाज ते दुपारीच बांधतं. डोक्यावर कौलं दिसतात, म्हणून त्याला कोणी बेघर म्हणत नाही. अशा मुलाला सांभाळणाऱ्यांना बालसंगोपन योजनेतून महिन्याला २,२५० रुपये मिळू शकतात, अर्ज जिल्ह्याच्या महिला व बालविकास कार्यालयात. हे फॉरवर्ड करा की, अण्णा.

‘जेट्टीवरची बाहेरची’ म्हणणाऱ्याने जूनमध्ये बंदरात जावं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. हिशोब झाला की खलाशी गावी जातात, नेपाळचेसुद्धा. ज्याला गावच नाही, तो तेवढा उरतो. गेल्या वर्षी एक पोरगा शाकारलेल्या लाँचवर ताडपत्रीखाली झोपायचा. उशाला जाळ्याचा गठ्ठा, चपला दोरीने वर टांगलेल्या, कुत्री नेतात म्हणून. मी विचारलं, “घरी नाय गेलास?” तो म्हणाला, “कोणाच्या?” बोलीवरूनच कळलं, चार गावं पलीकडचा. आणि नेपाळचा असता तरी काय? २०१५ चा बालन्याय कायदा घर आणि पोटापाण्याची सोय नसलेल्या मुलाला ‘काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं’ मानतो. तो गाव विचारत नाही.

टोळीबद्दल एवढंच: १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना जमावाने ठार मारलं. आधी मोबाइलवर असेच मेसेज फिरत होते.

जेलचा घोळ एका शब्दामुळे आहे. आपण सगळ्यालाच ‘रिमांड होम’ म्हणतो. गुन्ह्याचा आरोप असलेल्यांसाठी निरीक्षणगृह, बाकीच्यांसाठी बालगृह. मुलांसाठीच्या हेल्पलाइनला, १०९८ ला, फोन केला की मुलाला चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, बालकल्याण समितीपुढे नेतात. कुठं ठेवायचं ते समिती ठरवते, नातेवाईक लायक असतील तर त्यांच्याकडेही. उलट, हरवलेलं किंवा निराधार मूल सापडल्यावर स्वतःकडे ठेवून न कळवणं हाच गुन्हा आहे. अण्णांच्या बाजूने एक मान्य करतो: समितीची तारीख म्हणजे आपल्याकडे एसटीने अख्खा दिवस जातो, आणि पोर मध्येच पळालं तर पुन्हा पहिल्यापासून.

अठराचा मुद्दा अर्धा खरा, म्हणून जास्त घातक. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांना कायद्याने एकविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षण, म्हणजे संस्था सोडल्यानंतरचा आधार, मिळू शकतं, केंद्राच्या मिशन वात्सल्य योजनेतून महिन्याला ४,००० रुपये धरून. पण जो अठराच्या आत कुणाच्या नोंदीतच आला नाही, त्याला त्या दारातून आत जाता येत नाही. ‘जवळ करू नका, कळवू नका’ म्हणत आपण नेमके तेच महिने घालवतो.

लाँचवरच्या त्या पोराला आपलं वय सोळा की सतरा, नीट ठाऊक नव्हतं. दाखला थोरल्या काकांच्या कपाटात, आणि किल्ली मुंबईला. शेवटी शाळेतून दुसरी प्रत काढली. अठराला पाच महिने उरले होते.