मासे कुठं हाईत?

मासे पाळायचे तर आधी मासे आणायचे नाहीत, हे एवढंसं वाक्य घरच्यांना आणि गल्लीला पटवण्यात माझा अख्खा पावसाळा गेला.

लेकीचा हट्ट होता. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच अशी काचेची टाकी मी बेळगावच्या खडेबाजारातनं रिक्षात मांडीवर घेऊन शहापूरला आणली. रिकामी टाकी मांडीवर मावते, त्यामुळं माणूस गाफील राहतो. घरी येऊन हिशेब केला तर पाणीच ५० लिटरच्या वर, म्हणजे तितकेच किलो. त्यात वाळू, दगड, काच. पाऊण क्विंटलचा ऐवज. बायकोनं शोकेसवरच्या बाहुल्या हलवून जागा करून ठेवली होती. पण शोकेस तिच्या माहेरची, ती मोडली असती तर मला टाकीतच राहावं लागलं असतं. शेवटी जुनं सागवानी टेबल निघालं. टाकीखाली थर्माकोल आणि टेबलाच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली कुणाच्या तरी लग्नपत्रिकेची घडी.

दुकानदार तर त्याच दिवशी मासे बांधून द्यायला निघाला होता. "आजच सोडा की. एन आगंगिल्री!" काही होत नाही हो. बेळगावात हे शब्द कानावर पडले की काहीतरी होणार हे पक्कं समजावं. ऑफिसातल्या एकानं असेच सोडलेले सहा मासे आठवड्यात गेले होते, त्यामुळं मी वाचन करून गेलो होतो. माशांची घाण आणि उरलेलं खाणं कुजून पाण्यात अमोनिया होतो, तो विषारी. एका जातीचे बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतात, तोही विषारी. दुसऱ्या जातीचे त्याचा नायट्रेट करतात, तो बेताचा असला तर माशांना चालतो आणि वनस्पती तो खातात. ही मंडळी वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात वस्ती करायला चार ते सहा आठवडे घेतात. तोवर टाकीत मासे नाहीत.

हे मी समोरच्या घरातल्या मामांना अगदी सावकाश समजावलं. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे पैसे देऊन जंतू पाळालास?"

बायको तेवढंच ऐकून फिनेलची बाटली घेऊन आली.

मांडणी मात्र मी मनापासून केली. जांबोटीकडनं लाल माती आणली. जांभ्याच्या मातीत लोह असतं, पाणवनस्पतींना ते लागतं. चाळून ती तळाला पसरली, वर दोन इंच वाळू. वाळू धुताना पाचव्या बादलीचं पाणीही कडक चहासारखं निघत होतं. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही. येतं त्या दिवशी घरात लगीनघाई असते, आणि त्याच दिवशी मी राकसकोप धरणाच्या पाण्यानं वाळूला आंघोळ घालत बसलेलो. बायको काही बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी बोलतात.

पाणी ओतताना वाळूवर ताटली ठेवायची आणि तिच्यावर हळूहळू धार धरायची असते. हे मला दुसऱ्या वेळी माहीत होतं. पहिल्या वेळी मी बादली उपडी केली आणि टाकीत जुलैतली मार्कंडेय वाहू लागली. लेक म्हणाली, "पप्पा, पूर आला." सगळं उपसून पुन्हा भरलं. क्लोरीन उडून जावं म्हणून बादल्या दिवसभर उघड्या ठेवल्या, तर त्यातल्या एका बादलीनं कामवाल्या मावशींनी जिना पुसला.

मग रोपं. व्हॅलिसनेरिया, ॲमेझॉन स्वोर्ड, क्रिप्टोकोरिन, जावा फर्न. क्रिप्टोकोरिनच्या चार पानांना मी मोजलेले पैसे सांगत नाही, कारण त्याच्या काही जाती सह्याद्रीतल्या ओढ्यांत फुकट उगवतात आणि आई खानापूर तालुक्यातली आहे. लांब चिमट्यानं तासभर खपून मी रोपं लावली. सकाळी उठून बघतो तर सगळी तरंगत होती. आईनं पदर खोचला, दंडापर्यंत हात टाकीत घातला, रोपाची मुळं बोटांच्या चिमटीत धरली आणि अंगठ्यानं आत दाबली. एक, दोन, तीन. "नट्टी लावल्यासारखं लावायचं रे. इतकी वर्षं भात खालास, एवढं ठावं न्हाई?" नट्टी म्हणजे भाताची लावणी. एकही रोप पुन्हा वर आलं नाही. जावा फर्न तेवढं मला उकरून काढावं लागलं, त्याचं खोड पुरलं तर कुजतं, ते दगडाला दोऱ्यानं बांधायचं असतं. आईनं ते बांधताना बघितलं आणि म्हणाली, "मग हे रोप न्हवं. बांडगूळ हाय." वनस्पतिशास्त्र एवढं थोडक्यात मला कुणी शिकवलं नव्हतं.

आठ दिवसांत क्रिप्टोकोरिनची पानं विरघळून गेली. जागा बदलली की ते असं रुसतं आणि मुळापासनं पुन्हा फुटतं, असं पुस्तकी ज्ञान होतं. तरी जीव खालीवर होतोच.

इथनं पुढं खरा छळ. घरात झळझळीत दिवा लावलेली, हिरवीगार टाकी, आणि आत कुणी नाही. दूधवाला, पेपरवाला, बायकोच्या भिशीच्या बायका, लेकीच्या शाळेतली निम्मी पोरं, सगळ्यांनी काचेला नाक लावून एकच विचारलं, "मासे कुठं हाईत?" मी सुरुवातीला नायट्रोजन चक्र सांगायचो. नंतर "येवालेत" म्हणायचो. तिसऱ्या आठवड्यात "गावाला गेलेत" म्हणू लागलो. मामा रोज संध्याकाळी यायचे, खुर्ची ओढून टाकीसमोर बसायचे आणि मला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आज जंतू जरा सुस्त वाटालेत."

त्यातच पाणी दुधासारखं पांढरं झालं. मला काही उमजेना. एके दुपारी लवकर घरी आलो तर आई टाकीवर उभी राहून चिरमुरे टाकत होती.

"आई! मासे नाहीत त्यात!"

"असू दे की. रिकामी टाकी बघवत न्हाई. उद्या येतील त्यास्नी सवय."

पहिल्या दिवसापासनं रोज मूठभर. मी संतापून अमोनियाच्या टेस्टचे थेंब टाकले, तर नळी गडद हिरवी, म्हणजे अमोनिया भरपूर. आणि मग डोक्यात प्रकाश पडला. बॅक्टेरियांना जगायला अमोनिया लागतो आणि मासे नसताना तो कुजणाऱ्या अन्नातनंच मिळतो. एवढं वाचूनही मी टाकीत काहीच टाकत नव्हतो. मी नुसतं पाणी राखत बसलो होतो, जंतू आई पाळत होती. मी गुपचूप मूठभराचं चिमूटभर करून घेतलं. पाचव्या आठवड्यात अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. त्याचं श्रेय मी घरी कुणाला सांगितलेलं नाही.

दरम्यान रोपांबरोबर फुकट आलेल्या गोगलगायी वाढल्या होत्या. दोनाच्या दोनशे. मी त्यांना शिव्या घालत होतो, पण १८५० साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाचीही टाकी गोगलगायींनीच सावरली होती. त्यानं गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ठेवली, पानं कुजून पाणी बिघडलं, मग गोगलगायी सोडल्या आणि त्यांनी कुजकं खाऊन सगळं मार्गी लावलं. असा इतिहास मलाही हवाच आहे, पण दोनशे?

मासे आले ते गप्पी. डास खातात म्हणून आरोग्य खात्याची माणसं विहिरीत सोडतात तेच, फक्त शेपट्या जरीकाठाच्या. हे नाव गप्पांवरनं नाही, १८६६ मध्ये त्रिनिदादहून हे मासे लंडनला धाडणाऱ्या गप्पी आडनावाच्या गृहस्थावरनं आहे. महिन्याभरात एक मादी व्याली. आईनं गल्लीत वर्दी दिली आणि परत येऊन बघते तर बाळंतीण पिल्लांच्या मागं तोंड वासून लागलेली. "आपलीच पोरं खाती व्हय गं!" वाचली ती व्हॅलिसनेरियाच्या झुबक्यात लपलेली. म्हणजे शेवटी आईच्या नट्टीनंच ती वाचवली. डिसेंबरात पिल्लांना गार लागतं म्हणून टाकीला हीटर बसला. गिझर बिघडलाय, तो मात्र तसाच आहे.

परवा मामा आले. हातात वाटी, वाटीत कुंदा. नातवानं टाकी आणलीय, चार गप्पी मिळतील काय, म्हणाले.

आईनं दारातच विचारलं, "टाकी कवा मांडलासा?"

"आज सकाळी."

"मग पाच आठवड्यांनी या."

मामा माझ्याकडं बघू लागले. मी छताकडं बघू लागलो. तेवढ्यात आई आत गेली आणि कुंद्याची वाटी विसळून घेऊन आली. शेजाऱ्याची वाटी रिकामी परत करायची नसते, एवढी रीत आमच्या घरात अजून पाळतात. वाटीत टाकीचं पाणी होतं आणि तीस-चाळीस गोगलगायी.