बांध ओलांडवत नाही म्हणणाऱ्या वाचकांस

महोदय,

किम स्टॅनली रॉबिन्सन यांच्या ‘ऑरोरा’ (२०१५) या, टाउ सेटीकडे निघालेल्या यानाची गोष्ट सांगणाऱ्या कादंबरीवरील माझ्या लेखाला आपण दिलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. टाउ सेटी हा तारा पृथ्वीपासून सुमारे १२ प्रकाशवर्षे दूर असताना मी २१ लिहिले होते. आकडे उलटे पडले, चूक माझीच आहे आणि ती दुरुस्त केली आहे. मात्र ती दाखवून देताना ‘हे शाळकरी पोरही सांगेल’ असे लिहिण्याची आवश्यकता होती का, याचा विचार आपणच करावा. (सांगलीतली शाळकरी पोरे टाउ सेटीविषयी बोलू लागली, तर मला आनंदच होईल.)

हे उत्तर लिहायला बसलो ते आपल्या दुसऱ्याच एका वाक्यामुळे. ‘ज्यांना घरचा बांध ओलांडवत नाही, त्यांना ताऱ्यांकडे निघालेल्या यानातही मातीच दिसायची,’ असे आपण लिहिले आहे. टोपणनावाच्या आडून एखाद्याच्या बांधावर जाणे सोपे असते, म्हणून मी माझा बांध आपल्याला नीट दाखवतो.

वाळवा तालुक्यात कृष्णेकाठी आमची चार एकर काळी जमीन आहे. उपसा योजनेचे पाणी आल्यावर साऱ्या गावाप्रमाणे माझ्या वडिलांनीही उसाला हात आखडता न घेता पाणी पाजले. काळ्या रानातून निचरा होत नव्हता, त्यामुळे जमिनीखालचे पाणी हळूहळू वर आले. उन्हाने पाणी उडून जाई आणि क्षार तेवढे वर राहत. मी नववीत असताना सखल बाजूच्या दीड एकरावर पांढरा थर दिसू लागला आणि दहावीच्या वर्षी तिथे उसाची उगवणच झाली नाही. वडिलांनी जिप्सम टाकले, धैंचा हे हिरवळीच्या खताचे पीक गाडले आणि शेवटी कर्ज काढून जमिनीखाली सच्छिद्र पाइप घातले, तेव्हा कुठे त्या रानातले क्षारयुक्त पाणी ओढ्याला लागले.

यानाला ओढा नसतो, महोदय. या कादंबरीत सुमारे दोन हजार माणसे दीडशेहून अधिक वर्षे एका बंद यानात राहतात. त्या यानाची काळजी वाहणाऱ्या, देवी नावाच्या अभियंता स्त्रीची झोप उडवतो तो फॉस्फरस, जो यानातच कुठेतरी अडकून बसतो आणि पिकांपर्यंत परत येत नाही. आपल्या प्रतिक्रियेत देवीचे नावही आढळले नाही, म्हणून विचारतो: पुस्तक पूर्ण वाचले आहे ना?

हे सारे शेतकऱ्याच्या मुलाचे रडगाणे वाटत असेल, तर अमेरिकेतील ॲरिझोनाच्या ‘बायोस्फिअर २’ या प्रयोगाकडे पाहावे. तिथे १९९१ ते १९९३ या काळात आठ माणसे काचेच्या बंद वास्तूत राहिली आणि आतल्या हवेतील प्राणवायू सुमारे २१ टक्क्यांवरून साडेचौदा टक्क्यांच्या आसपास घसरला; अखेर बाहेरून प्राणवायू सोडावा लागला. सेंद्रिय द्रव्याने गच्च भरलेल्या मातीतले सूक्ष्मजीव तो प्राणवायू वापरत होते, आणि त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचे काँक्रीट शोषून घेत असल्याने हिशेब जुळत नव्हता. त्या प्रयोगातल्या मंडळींनाही अखेर मातीच दिसली; त्यांनी आमचा बांध पाहिला नसावा.

परतीच्या प्रवासात ग्रहांच्या गुरुत्वाकर्षणाच्या आधारे यानाचा वेग कमी होणे अशक्य आहे, पात्रे सपाट आहेत आणि वसाहत सोडून माघारी फिरणे ही पराभूत वृत्ती आहे, असेही आपण म्हटले आहे. पहिल्या मुद्द्यात तथ्य असू शकेल. परंतु कादंबरी ही प्रयोगशाळेची वही नव्हे. दुसरा मुद्दा आवडीनिवडीचा आहे. तिसऱ्याबद्दल एवढेच, की जी मंडळी मागे राहून दुसऱ्या ठिकाणी वसाहत करू पाहतात, त्यांना आपण सोयीस्करपणे विसरला आहात.

मतभेदाला माझी कधीच हरकत नव्हती आणि नाही. आपली प्रतिक्रिया मी काढून टाकलेली नाही, याचीही नोंद घ्यावी. पुन्हा लिहिणार असाल, तर यानातले क्षार कोणत्या ओढ्याला सोडायचे तेवढे सांगा. टोपणनाव हेच ठेवले तरी चालेल.